पानगळीच्या सेंटरपीससाठी पिन होल्डर: फोमपेक्षा सरस, पण काही अटींवर

पानगळीच्या सणाला टेबलाच्या मधोमध जे मांडतात त्यात फुलं कमी आणि लाकूड जास्त असतं. ओकच्या डहाळ्या, रोजहिपचे, म्हणजे रानगुलाबाच्या लाल फळांचे झुबके, गव्हाच्या ओंब्या, पाइनचे शंकू, छोटे भोपळे. सगळा माल वरून जड आणि खालून बारीक, शिवाय अर्धा ओला नि अर्धा सुका. म्हणून पुष्परचनेसाठी म्हणून विकले जाणारे सगळेच बेस इथे टिकाव धरत नाहीत. बाजारात सर्रास मिळतात ते तीन: देठ खुपसायचा पाणी शोषणारा हिरवा फ्लोरल फोम, षटकोनी तारेची जाळी आणि शिशाच्या जड तळावर पितळी सुया रोवलेला पिन होल्डर, म्हणजे इकेबाना या जपानी पुष्परचनेतला केन्झान. हा रिव्ह्यू पिन होल्डरचा आहे. बाकीचे दोघे तुलनेपुरते.

सहा ते आठ माणसांच्या टेबलाला सात सेंटिमीटर व्यासाचा गोल पिन होल्डर पुरतो. घेताना आधी हातात तोलून बघा. आकाराच्या मानाने चांगलाच जड लागला पाहिजे, कारण फांदीला उलटू न देण्याचं काम ते वजनच करतं. सुया दाट, एका उंचीच्या आणि खरोखर टोकदार हव्यात. विरळ सुयांमध्ये जाड फांदी उभी राहते, पण शेवंतीचा देठ डुलत राहतो. तळाला रबराची कड असेल तर भांड्यावर ओरखडे पडत नाहीत. प्लास्टिकच्या तळाचे आणि खाली दाबून चिकटवायची रबरी चकती (सक्शन कप) असलेले स्वस्त नमुने फुलांना ठीक आहेत, लाकडी डहाळीला नाहीत. खरबरीत मातीच्या भांड्यावर ती चकती घट्ट चिकटत नाही आणि तासाभरात सुटते.

बसवायची रीत सोपी आहे, फक्त क्रम चुकवू नका. भांडं सपाट तळाचं आणि चारपाच सेंटिमीटर खोल असावं. फ्लोरल क्लेची, म्हणजे बेस चिकटवायच्या मऊ मातीची, करंगळीएवढी वळी हातात मळून मऊ करा, पिन होल्डरच्या तळाला कडेने गोल लावा आणि भांड्यात दाबून थोडं पिळा. भांडं आणि पिन होल्डर दोन्ही कोरडे हवेत. ओल्या पृष्ठभागावर क्ले चिकटतच नाही, आणि ‘हलतो’ अशी तक्रार ऐकू येते तेव्हा बहुतेक वेळा कारण हेच असतं. पाणी सगळ्यात शेवटी, सुया बुडून वर सेंटिमीटरभर राहील इतकंच.

पेन्सिलीएवढी जाड डहाळी सरळ कापून सुयांवर दाबली तर ती आत शिरत नाही, सुया मात्र वाकतात. टोक तिरकं कापा, त्याला दोनेक सेंटिमीटरची उभी चीर द्या, आणि डहाळी आधी ताठ उभी धरून खाली दाबा. सुया लाकडात रुतल्याचा बारीक करकर आवाज येतो. मग ती हवी तिकडे कलवा. कापलेला भाग वरच्या अंगाला, म्हणजे कलण्याच्या उलट बाजूला असावा, नाहीतर डहाळी सुयांवरून घसरते. लांब फांदी फारच झुकवायची असेल तर मागच्या कडेवर दुसरा छोटा पिन होल्डर पालथा ठेवा, दोन्हींच्या सुया एकमेकींत अडकतात आणि तोल सांभाळला जातो. ओंब्यांसारखे बारीक देठ एकेकटे उभे राहत नाहीत. पाचसहा एकत्र करून खालून दोऱ्याने बांधा आणि जुडी रोवा.

आता फोमचं. अमेरिकेत १९५४ साली व्हर्नन स्मिदर्स यांनी तो आणला, आणि एक गोष्ट मान्य करायलाच हवी: कुठल्याही कोनात देठ खुपसा, तो तिथेच राहतो. लांब टेबलावर पसरलेली बुटकी रचना किंवा गाडीतून न्यायची रचना असेल तर फोमइतकं सोपं दुसरं काही नाही. पण पानगळीच्या मालाशी त्याचं जमत नाही. एकदा पडलेलं भोक बुजत नाही. जाड डहाळी दोनदा जागा बदलून खुपसली की त्या भागाचा भुगा होतो आणि तिसऱ्यांदा काहीच धरत नाही. भिजवतानाही लोक हमखास चुकतात. फोमची वीट पाण्यावर नुसती सोडायची आणि आपोआप बुडू द्यायची. हाताने दाबली तर मध्ये हवा अडकते, बाहेरून ओली दिसते, आणि नेमका मधला देठ दुसऱ्या दिवशी मान टाकतो. एकदा सुकलेला फोम पुन्हा नीट पाणी पीत नाही. शिवाय तो फिनॉल-फॉर्मल्डिहाइडचं प्लास्टिक आहे, त्याचा चुरा मातीत विरत नाही आणि उरलेलं पाणी सिंकमध्ये ओतलं की चुरा पुढे जातो. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१पासून आपल्या प्रदर्शनांत फोमला बंदी केली ती याच कारणाने.

तारेची जाळी या दोघांच्या मधली. खोल, गोल वाडग्याला तीच बरी. वाडग्याच्या तोंडाच्या दुपटीहून थोडा मोठा तुकडा कापून सैल चुरगळा, आत बसवा आणि वरून वॉटरप्रूफ टेप फुलीसारखी आडवी-उभी लावा. घट्ट चुरगळली तर भोकंच उरत नाहीत. प्लास्टिकचा मुलामा असलेली घ्या, साधी जाळी कापलेल्या टोकांना गंजते आणि काचेवर डाग सोडते. डहाळ्या खूप असतील तर खाली पिन होल्डर आणि वर जाळीचा एक थर, ही जोडी मला सगळ्यात भरवशाची वाटते.

पिन होल्डरची मोठी अडचण म्हणजे तो दिसतो. मग लोक सुया झाकायला मॉस, म्हणजे शेवाळ, घालतात आणि ते कडेवरून बाहेर लोंबू देतात. दिसायला छान, पण ओलं मॉस वातीसारखं पाणी ओढतं. भांड्यातलं पाणी रात्रभरात टेबलक्लॉथवर आणि तिथून लाकडावर उतरतं. मॉस कडेच्या दोन बोटं आत ठेवा, किंवा सरळ गोटे वापरा. याच मॉसवर पाइनचा शंकू ठेवलात तर तो सकाळपर्यंत मिटलेला दिसेल, कारण त्याचे खवले कोरड्या हवेत उघडतात आणि ओलाव्याने बंद होतात. शंकू कोरड्या काटकीवर किंवा भांड्याबाहेर मांडा. झाडाखालून वेचलेले शंकू आणि ओकची फळं आधी ओव्हनमध्ये ९५ अंश सेल्सिअसच्या आसपास अर्धा-पाऊण तास फॉइलवर ठेवून काढा. शंकू उमलतात, आणि आतल्या अळ्या जेवणाच्या मधोमध बाहेर यायच्या टळतात. राळ वितळते, म्हणून ओव्हनपासून हलू नका.

पानांना मात्र कुठलाच बेस वाचवत नाही. पूर्ण लाल झालेल्या मेपलच्या डहाळीला कितीही पाणी द्या, पानं एक-दोन दिवसांत वळतात, कारण देठाशी गळण्याचा पापुद्रा आधीच तयार झालेला असतो आणि पाणी वर चढत नाही. ग्लिसरीनचा उपायही अशा पानांवर चालत नाही. तो पानं हिरवी असतानाच करायचा: एक भाग ग्लिसरीन, दोन भाग गरम पाणी, देठाचं टोक ठेचून पाचेक सेंटिमीटर बुडवायचं, दोन ते तीन आठवडे. पानं तपकिरी आणि चामड्यासारखी लवचिक होतात, वर्षभर टिकतात. लालच हवी असतील तर सुटी पानं वर्तमानपत्रात आठवडाभर दाबा, मग दुहेरी भांड्यात, म्हणजे गरम पाण्याच्या भांड्यावर ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात, वितळवलेल्या मधमाशीच्या मेणात क्षणभर बुडवून निथळा. मेण जेमतेम वितळलेलं हवं, फार तापलं तर पान काळवंडतं.

भोपळा कोरून त्यातच पाणी भरायची हौस असेल तर आवरा. कापलेला भोपळा उबदार खोलीत तीन-चार दिवसांत आतून मऊ पडतो आणि तळातून पाझरतो. आत काचेचा ग्लास ठेवून त्यात पिन होल्डर बसवा, आणि भोपळ्याखाली बशी. न कापलेला, देठ शाबूत असलेला भोपळा आठवडेच्या आठवडे राहतो, फक्त देठाला धरून उचलू नका.

सफरचंदं आणि पेअर रचनेत शोभतात, पण पिकताना फुलं लवकर कोमेजवणारा इथिलीन वायू सोडतात. शेवंती त्याला फारशी दाद देत नाही, कार्नेशन मात्र मिटायला लागतं. बिटरस्वीट या वेलीच्या केशरी फळांचा मोह टाळा, ती विषारी आहेत आणि टपटप गळतात, तीही थेट ताटात. ओंब्या झडू नयेत म्हणून त्यांवर हेअरस्प्रे मारतात आणि बाजूलाच मेणबत्ती ठेवतात, हे तर अजिबात करू नका.

उंची ठरवायला मोजपट्टी लागत नाही. कोपर टेबलावर टेकवून हात उभा धरा, रचना मनगटाच्या वर जाऊ देऊ नका. रुंदी टेबलाच्या एक तृतीयांशापर्यंत.

घ्यावा का? दरवर्षी एक-दोन रचना करत असाल तर नक्की, एकदा घेतलेला पिन होल्डर वर्षानुवर्षं चालतो. फक्त मोठ्या मेजवानीसाठी एकाच दिवशी पंधरा टेबलं सजवायची असतील तर जाळीच परवडेल. तळ शिशाचा असल्याने खाण्याच्या भांड्यात तो नेमाने वापरू नये आणि हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. काम झाल्यावर सुयांमधला कचरा जुन्या टूथब्रशने काढा, वाकलेल्या सुया बारीक पोकळ नळीने सरळ करा, पूर्ण वाळवा आणि मगच डब्यात टाका.