अ‍ॅल्युमिनियम झाळायचे रॉड: आठ महिने वापरून

मार्चमध्ये रॉडचं पाकीट आणि ब्यूटेनच्या डब्यावर बसणारा छोटा टॉर्च मागवला. आता नोव्हेंबर. डिचोलीला घरामागच्या पडवीत चार पाकिटं संपवली, म्हणून लिहितोय.

व्हिडिओत रॉड टेकवला की पाण्यासारखा पसरतो. माझ्याकडे त्याची गोळी होऊन लादीवर घरंगळायची. दोन आठवडे हाच खेळ. मग कळलं, भंगारातून आणलेलं खिडकीचं सेक्शन अ‍ॅनोडाइज केलेलं, म्हणजे वर मुद्दाम ऑक्साइडचा जाड थर चढवलेलं होतं. तसा साध्या अ‍ॅल्युमिनियमवरही ऑक्साइडचा पापुद्रा असतोच. तो वितळायला २,००० अंशांच्या वर उष्णता लागते आणि आतला धातू ६६० लाच पातळ होतो. म्हणजे पापुद्रा खरवडूनच काढायचा: आधी कानस, मग स्टेनलेस स्टीलचा ब्रश. तो ब्रश लोखंडाला लावायचा नाही. घासल्यावर लगेच झाळायचं, चहा नंतर.

माझे रॉड जस्ताचे, ३८० ते ३९० अंशांना वितळणारे. खरं तर ४५० च्या खाली त्याला सोल्डरिंगच म्हणतात, पण पाकिटावर ब्रेझिंग लिहिलं की किंमत वाढते! सिलिकॉनवाला खरा ब्रेझिंग रॉड ५८० च्या आसपास वितळतो, त्याला फ्लक्स, म्हणजे तो पापुद्रा विरघळवणारं रसायन लागतं. तोही करून पाहिला आणि दोन कोपरे घालवले. लोखंड तापलं की लाल होऊन सांगतं. अ‍ॅल्युमिनियम काही सांगत नाही, एकदम बसतं. जस्ताच्या रॉडसाठी साबणाची रेघ ओढून ठेवतो. ती काळपट पडली की ज्योत लांब करायची आणि रॉड तुकड्यावर घासायचा. रॉड ज्योतीत धरलात तर पुन्हा गोळीच.

टॉर्चबद्दल तक्रार आहे. पातळ पट्टीला पुरतो, ३ मिमीच्या पुढे दमतो, कारण अ‍ॅल्युमिनियम उष्णता सगळीकडे पळवतं. भोवती भट्टीच्या विटा रचल्यावर फरक पडला. धूर मात्र अंगावर घेऊ नका, पडवी उघडीच बरी.

चतुर्थीला हौसेने माटोळीची, म्हणजे गोव्यात गणपतीवर फळं-नारळ बांधून टांगतात ती चौकट केली. चाचणीला नारळ बांधले. सातव्या नारळाला एक कोपरा सुटला आणि नारळ थेट तुळशीच्या कुंडीत. आई म्हणाली, "लाकडाचीच बरी रे, पुता." चूक रॉडची नव्हती. टोकाला टोक लावून झाळलं होतं, पकडायला जागाच नव्हती. नंतर कोपऱ्यांना आतून पट्टी देऊन झाळलं, बारा नारळ टिकले. तरी गणपतीवर टांगायला आई तयार झाली नाही, आणि खरं सांगायचं तर मीही नाही.

मोरजीला मेहुण्याला गळाच्या काठ्या ठेवायचा स्टँड करून दिला होता. पावसाळा संपेपर्यंत सांध्यांवर पांढरी भुकटी धरली. खाऱ्या ओलीत जस्त अ‍ॅल्युमिनियमच्या आधी झिजतं. आता बाहेरच्या वस्तूंचे सांधे प्रायमर आणि रंग देऊनच देतो.

रेडिओचं खोकं, कुंड्यांचे स्टँड, सायकलच्या दिव्याची पट्टी, एवढ्याला हे रॉड उत्तम. पाचवं पाकीट मागवलंय. घरातली अ‍ॅल्युमिनियमची शिडी मात्र दुरुस्तीला वेल्डरकडेच नेली.