मेटार, टॅफ की मोबाईलवरचं ॲप? धुळ्याहून क्रॉसकंट्रीला निघताना कोणाचं ऐकायचं

धुळे-शिरपूरकडे फ्लाइंग शिकायला आलेली पोरं पहिल्या सोलो क्रॉसकंट्रीच्या, म्हणजे एकट्याने दुसऱ्या विमानतळापर्यंत उडवत जायच्या आधी हमखास विचारतात, भाऊ, हवामान कशावर बघायचं, मेटार, टॅफ की सरळ मोबाईलवरचं विंडी ॲप उघडायचं? तिन्ही बघ असं सांगणं सोपं आहे हो, पण तिघं तीन गोष्टी सांगायला लागले की ऐकायचं कोणाचं, घोडं तिथेच अडतं.

मेटार म्हणजे विमानतळावर आत्ता काय आहे ते. मोजलेलं, अंदाज नाही. मोठ्या विमानतळांवर दर अर्ध्या तासाला निघतो आणि मधेच काही बिघडलं तर स्पेसी, म्हणजे खास जादा रिपोर्ट, येतो. समजा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी चिकलठाण्याचा (छत्रपती संभाजीनगरच्या विमानतळाचा) असा मेटार आला: १२१०३०झेड २४०१२केटी ५००० एचझेड एससीटी०२० ३८/१९ क्यू१००२ नोसिग. म्हणजे १२ तारीख, १०:३० यूटीसी (जागतिक वेळ, कोडमधला झेड तोच), त्यात साडेपाच तास मिळवले की आपले दुपारचे चार. वारा २४० अंशावरून १२ नॉट, धुरकट हवा, व्हिजिबिलिटी ५ किलोमीटर, २००० फुटांवर ३ ते ४ ऑक्टा, म्हणजे आकाशाच्या आठ भागांपैकी ३ ते ४ भाग ढग, तापमान ३८, दवबिंदू १९, हवेचा दाब १००२. शेवटी नोसिग दिसलं की पोरं खुश, चला काही बदल नाही. पण भो, ते नोसिग फक्त पुढच्या २ तासांचं असतं, आणि ५ किलोमीटर म्हणजे व्हीएफआरची, म्हणजे डोळ्यांनी बाहेर बघून उडण्याच्या नियमांची, अगदी काठावरची हद्द, जरा धूळ उठली की तू बाहेर.

आता त्याच दुपारचा टॅफ. टॅफ म्हणजे त्याच विमानतळाचा पुढच्या काही तासांचा अंदाज, ९ तासांचा किंवा लांबचा ३० तासांचा, आणि छोटा टॅफ दर ३ तासांनी नवा येतो. वरची मुख्य ओळ बहुतेक वेळा साधीच असते, खरी गंमत खालच्या ओळीत: टेम्पो १२१०/१२१४ ३००२५जी४०केटी १५०० टीएसआरए एफईडब्ल्यू०३०सीबी. साडेतीन ते साडेसात या वेळात अधूनमधून गडगडाटी पाऊस, वायव्येचा वारा २५ नॉट आणि गस्ट, म्हणजे झोत, ४० पर्यंत, व्हिजिबिलिटी दीड किलोमीटर, ३००० फुटांवर थोडे सीबी, म्हणजे गडगडाटी वादळाचे ढग. टेम्पोचा नियम असा की प्रत्येक वेळी ते एका तासापेक्षा कमी टिकेल आणि सगळं मिळून दिलेल्या वेळेच्या निम्म्याहून कमी. एअरलाइनवाला होल्ड करून, म्हणजे वरच घिरट्या घालत, थांबेल, सेसना १७२ मधल्या सोलो विद्यार्थ्याने टेम्पोची ओळ हीच मुख्य ओळ समजायची. मी तर तसंच सांगतो, मग कोणी घाबरट म्हटलं तरी चालेल. रावेर-यावलकडे वादळात केळीच्या बागाच्या बागा आडव्या होतात ना, ते वारं असंच अचानक येतं.

टॅफमधलं बिकमिंग वेगळं. तिथे हवा हळूहळू बदलते आणि बदललेलीच राहते, त्यामुळे परतीची वेळ त्याच्यात येत असेल तर जाताना कितीही छान असू दे, त्याच्यावर जाऊ नको.

मग ॲप कशाला? तर दोन विमानतळांच्या मधल्या जागेसाठी. मेटार आणि टॅफ दोन्ही विमानतळ आणि आजूबाजूच्या साधारण ८ किलोमीटरचंच बोलतात. धुळे ते चिकलठाणा ७० नॉटिकल मैलांच्या आसपास, आणि वाटेत कन्नडचे डोंगर. दोन्ही टोकं मोकळी असून मधे पावसाळी ढग डोंगराला टेकलेले असू शकतात, हे मेटारमध्ये कुठेच दिसणार नाही. शिवाय मेटारमधली ढगांची उंची त्या फील्डपासून मोजलेली असते आणि चिकलठाणा आहे १९०० फुटांवर, त्यामुळे तिथले १५०० म्हणजे समुद्रसपाटीपासून ३४००, हे गणित बरेच जण करत नाहीत. विंडीवर ढगांचा पट्टा कुठून कुठे सरकतोय ते दिसतं, हवामान खात्याच्या रडारवर सीबी प्रत्यक्ष कुठे आहे ते कळतं आणि त्यांचा नाऊकास्ट, म्हणजे अगदी जवळचा अंदाज, ३ तासांचा असतो. पण विंडीचं चित्र मॉडेलचं, म्हणजे कॉम्प्युटरने मांडलेल्या गणिताचं, त्यातलं युरोपियन मॉडेल सुद्धा ९ किलोमीटरच्या चौकटींचं, एखादा वळीव त्यातून सहज निसटतो. त्याच्यावरून कुठला दिवस ठेवायचा ते ठरव, इंजिन चालू करायचं की नाही ते नको.

म्हणून लोकल सर्किट, म्हणजे आपल्याच फील्डभोवती उडणं, असेल तर मेटार आणि खिडकीबाहेर नजर, बस. क्रॉसकंट्री असेल तर आधी टॅफ, त्यात जाण्यायेण्याच्या पूर्ण वेळेत टेम्पो किंवा प्रॉब ३० (३० टक्के शक्यता) मध्ये टीएस, म्हणजे गडगडाटी वादळ, दिसलं की विषय संपला, मेटार कितीही गोड असो. टॅफ कोरा असेल तरच पुढे रडार, आणि निघण्याआधी ताजा मेटार.

आणि मे महिन्यात तापमानाचा आकडा सोडू नको. ४४ अंशाला आपल्या आठशे-साडेआठशे फुटांच्या फील्डवर डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे विरळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची, साडेचार हजार फुटांच्या घरात जातं, विमान रनवे खातं आणि चढत नाही. सकाळी साडेसहाला, म्हणजे ०१०० झेडला निघालास तर उकाडाही नसतो आणि दुपारचा तो टेम्पोही बहुतेक वेळा सुरू झालेला नसतो.