मसाई मारातल्या तंबूचं बुकिंग आणि आमचे गेलेले पैसे

आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून 2024 च्या ऑगस्टमध्ये आम्ही चौघं केनियाला गेलो. विल्डबीस्टचे, म्हणजे तिथल्या एका मोठ्या हरणवर्गीय प्राण्याचे, कळप मारा नदी ओलांडताना एकदा डोळ्यांनी बघायचे, ही बाबांची फार जुनी हौस. आईचे गुडघे दुखतात, म्हणून ठरवलं की तीनच रात्री राहायचं, पण चांगल्या ठिकाणी. मसाई मारा राखीव क्षेत्राला लागून मसाई लोकांच्या जमिनींवर कॉन्झर्व्हन्सी, म्हणजे वन्यप्राण्यांसाठी राखलेली खासगी क्षेत्रं, आहेत. तिथे गाड्या मोजक्याच असतात, रात्रीची सफारी होते. अशाच एका कॉन्झर्व्हन्सीतल्या नावाजलेल्या कॅम्पचे फोटो नैरोबीच्या एका एजंटने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. लाकडी ओट्यावर कॅनव्हासचा तंबू, आत मोठा पलंग, मागे न्हाणीघर, पुढे व्हरांडा, खाली नदी. फोटो खरे होते, कॅम्पही खरा आहे.

दर सांगितला माणशी 1,150 डॉलर. त्यात नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने जाणं-येणं, पार्क फी, जेवण, सफारी, सगळं आलं. इतरांनी सांगितलेले आकडे याच्या दुपटीहून जास्त होते. मी तेव्हा साधी वजाबाकी करायला हवी होती. जुलै ते डिसेंबर राखीव क्षेत्राची फी परदेशी प्रौढाला दिवसाला 200 डॉलर आहे, आणि तीही सकाळी सहा ते संध्याकाळी सहा एवढ्यापुरतीच. दोन दिवसांचे झाले 400. विमानाचे आणखी काही शे. उरलेल्या रकमेत ऐन हंगामात तसला तंबू तीन रात्री कोणीही देणार नाही. पण तोवर फोटो बाबांना दाखवून झाले होते, आणि मला तो हिशेब करावासाच वाटला नाही.

कार्डाने पैसे देतो म्हटलं तर एजंट म्हणाला, मशीन बंद आहे. बँकेत परदेशी पैसे पाठवण्याचा फॉर्म भरताना तिथल्या बाईंनी विचारलंही होतं, "सर, खातं कंपनीच्या नावावर नाही, एका माणसाच्या नावावर आहे. चालेल ना?" मी एजंटला फोन लावला. मालकाचंच खातं आहे, कर वाचतो, असं तो म्हणाला. मी सही केली आणि 4,600 डॉलर गेले. त्या बाईंचा प्रश्न अजून आठवतो.

नैरोबीत विमानाऐवजी व्हॅन उभी होती. विमान रद्द झालंय म्हणे. सहा तासांचा रस्ता. वाटेतल्या नारोक गावाच्या पुढे आईला पाय सरळ करता येईना. अंधार पडता पडता राखीव क्षेत्राच्या सेकेनानी गेटच्या बाहेरच गाडी एका आवारात वळली. एकाला एक लागून तंबू, वर पत्रा, दाराची चेन तुटलेली, दहा वाजता जनरेटर बंद. एजंट फोनवर म्हणाला, "तुमच्या कॅम्पमध्ये पाणी शिरलंय, हाही त्याच दर्जाचा आहे." येताना सगळा माळ कोरडा ठणठणीत होता. त्याच रात्री मी मूळ कॅम्पचा नंबर शोधून फोन केला. पाणी कुठेच शिरलं नव्हतं, आमच्या नावाचं बुकिंगही कधीच नव्हतं.

हा एक फोन किंवा एक मेल पैसे पाठवण्याआधी केला असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. एजंट कितीही गोड बोलू दे, कॅम्पच्या स्वतःच्या पत्त्यावर लिहून बुकिंग आपल्या नावावर आहे का ते विचारा. एजंट काटोचा, म्हणजे केनिया असोसिएशन ऑफ टूर ऑपरेटर्सचा सदस्य आहे का, हेही बघा. आमचा एजंट त्या यादीत नव्हता, हे मला घरी परतल्यावर कळलं.

सकाळी गेटवर समजलं की पार्क फी भरलेलीच नाही. चौघांचे 800 डॉलर कार्डावरून गेले, दुसऱ्या दिवशी पुन्हा 800. ड्रायव्हरलाही डिझेलचे पैसे मिळाले नव्हते. तो "पोले साना" म्हणत राहिला, म्हणजे फार वाईट वाटतंय. त्याच्यावर माझा राग नाही. आईला वर चढवताना दर वेळी तोच हात द्यायचा, आणि सिंहाची पिल्लंही त्यानेच दाखवली. दुसऱ्या दिवशी नदीकाठी आम्ही चार तास थांबलो. हजारो विल्डबीस्ट काठाशी जमले, पाण्यापर्यंत उतरले, मागे फिरले. सहाच्या आत गेटबाहेर पडायचं होतं, त्यामुळे आम्हाला निघावं लागलं. बाबा गाडीत म्हणाले, "अरे, बघितले ना कळप." आईने त्यांचा हात धरून ठेवला होता.

घरी आल्यावर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, बँकेतर्फे पैसे परत मागवले. तिकडच्या बँकेचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं: खात्यात शिल्लक नाही.