सिस्टरांकडचे होस्ट: मोडताना आवाज येतो

सव्वीस वर्षं एस.टी.त कंडक्टरकी केली. निवृत्त झालो आणि वैजापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या चर्चमधली मिस्साची, म्हणजे आम्हा कॅथलिकांच्या मुख्य उपासनेची, तयारी माझ्या अंगावर आली. वेदीवरचं कापड, मेणबत्त्या, पाण्याची आणि द्राक्षारसाची कुपी, वाचनाच्या पानात खूण, आणि होस्ट. होस्ट म्हणजे मिस्सात अर्पण होणारी भाकर. कागदासारखी पातळ, गोल, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी. फादर वापरतात ती तळहाताएवढी. अर्पण होण्याआधी ती गहू आणि पाणी एवढीच असते. नंतर आमच्यासाठी ते ख्रिस्ताचं शरीर. म्हणून हा माल कुठून घ्यावा याला महत्त्व आहे. खेड्यापाड्यांत तयारी करणाऱ्यांना हे कोणी धड सांगत नाही, आणि मी स्वतः एकदा चुकलोय, म्हणून लिहितो.

गेल्या पावसाळ्यात शहरात जाणं होईना. नातवाने मोबाईलवर एका दुकानातून होस्ट मागवून दिले. पाचशे होस्टचं पाकीट, शहरातल्या मठातल्या सिस्टरांपेक्षा दहा-वीस रुपयांनी स्वस्त, चार दिवसांत दारात. शनिवारी संध्याकाळी उघडलं तर तळाशी मूठभर चुरा. उरलेल्यांतले कितीतरी काठाला टवके उडालेले. वरचे पाच-पन्नास दमट झालेले, बोटांत वाकत होते पण मोडत नव्हते. चष्मा लावून पाकिटाची मागची बाजू वाचली: गव्हाचं पीठ, पाणी, मक्याचा स्टार्च. माझ्या पोटात गोळाच आला. तसाच फादरांना फोन लावला. ते म्हणाले, "काका, हे वेदीवर ठेवू नका." रात्री मोटारसायकल काढून शेजारच्या धर्मग्रामातल्या चर्चमधून दीडशे होस्ट उसने आणले, तेव्हा कुठे रविवारची मिस्सा झाली.

त्यानंतर फादरांनी मला नियम नीट समजावून सांगितला. ख्रिस्तसभेच्या कायद्याचं ९२४ वं कलम म्हणतं की भाकर फक्त गव्हाची आणि ताजी केलेली असावी, खराब होण्याची भीती नसावी. आमच्या लॅटिन विधीत, म्हणजे रोमन कॅथलिक उपासनापद्धतीत, ती बेखमीर, न आंबवलेली लागते. २००४ साली रोमहून सूचनापत्र निघालं. त्यात आहे की दुसऱ्या धान्याची भाकर चालत नाही, आणि गव्हात दुसरं काही इतकं मिसळलं की लोक तिला गव्हाची भाकर म्हणणारच नाहीत, तर तीही चालत नाही. त्या पाकिटात स्टार्च किती होता हे छापलेलंच नव्हतं. जिथे शंका, तिथे वेदी नाही. त्याच पत्रात आणखी एक गोष्ट आहे: भाकर करणारे लोक सचोटीचे हवेत, त्यांना ते काम यायला हवं आणि त्यांच्याकडे योग्य साधनं हवीत. १५ जून २०१७ ला उपासनेचं काम बघणाऱ्या रोमच्या खात्याने पुन्हा पत्र काढलं. पूर्वी मठ-संस्था हे काम करत, आता भाकर आणि द्राक्षारस दुकानांत, इंटरनेटवरही विकले जातात, तेव्हा बिशपांनी लक्ष ठेवावं, असं त्यात सांगितलं. ऐकताना मला आमच्या फडताळातलं ते पाकीटच दिसत होतं.

मग ठरवलं, यापुढे आपल्या डोळ्यांनी बघूनच घ्यायचं. पहाटेची गाडी पकडून छत्रपती संभाजीनगर गाठलं. सिस्टरांचा मठ शाळेच्या मागच्या बाजूला आहे. होस्ट करण्याची खोली लहान, दोन खिडक्या, भिंतीवर क्रूस. "बघू का?" म्हटलं तर वयस्कर सिस्टरांनी हात धुवून आत यायला सांगितलं.

मैद्यात साधं पाणी, बस. मीठ नाही, तेल नाही, सोडा नाही. धिरड्याच्या पिठापेक्षाही पातळ. ते पीठ पळीने तापलेल्या लोखंडी पाटीवर ओतायचं आणि वरची पाटी दाबायची. कडेने फस्सकन वाफ बाहेर येते. खालच्या पाटीवर क्रूस कोरलेला असतो, त्याचा ठसा भाकरीवर उमटतो. थोड्याच वेळात पाटी उघडली की पापडासारखी कुरकुरीत पातळ पोळी निघते. ती लगेच कापली तर ठिकऱ्या होतात, म्हणून रात्रभर दमट खोलीत ठेवतात. थोडी मऊ पडली की गोल कापणीच्या यंत्रात घालायची. कापलेल्या चकत्या चाळणीतून चाळायच्या, पुन्हा वाळवायच्या, तुटक्या बाजूला काढायच्या. सिस्टर प्रत्येक मूठ उजेडात धरून बघत होत्या. काठाच्या राहिलेल्या पट्ट्या डब्यात भरून वसतिगृहातल्या लेकरांना खायला देतात. त्या अर्पण झालेल्या नसतात, त्यामुळे त्यात काही वावगं नाही. मीही एक खाल्ली. चवीला काहीच नाही आणि तरी गव्हाचा वास आहे.

ही चाळणी मला फार मोलाची वाटली. अर्पण झाल्यावर कण न् कण पवित्र. फादर शेवटी तबक बोटाने पुसून कण चषकात झाडतात, वेदीवरचं पांढरं कापड घडीत दुमडून ठेवतात. जो होस्ट हातात घेतला की चुरतो, तो श्रद्धावंताच्या तळहातावर आणि जमिनीवर कण टाकत जातो. सिस्टरांकडचे पाचशे होस्ट मी घरी पांढऱ्या कापडावर ओतून बघितले. खाली बोटाच्या टोकावर मावेल एवढा चुरा निघाला. पाचशे म्हणून सांगितलेले पाचशे आठ भरले. कंडक्टरचा हात आहे, मोजणी चुकत नाही.

मोठ्या होस्टबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तिथेच मला खरा फरक कळला. देवाच्या कोकराचं गीत चालू असताना फादर भाकर मोडतात. प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांच्या, काळात या सगळ्या उपासनेलाच 'भाकर मोडणे' म्हणत. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात दुसऱ्या अध्यायात तसं लिहिलंय. आणि मिस्साग्रंथाच्या सूचनांत ३२१ क्रमांकाची सूचना म्हणते की भाकर खरोखर अन्नासारखी दिसावी, आणि फादरांना ती मोडून निदान काही लोकांना वाटता यावी. पण आमच्याकडे पेटी-ढोलकीच्या आवाजात ते मोडणं कधी कळायचंच नाही. सिस्टरांकडचा कणकेचा मोठा होस्ट आणला त्या रविवारी गाणं संपेपर्यंत फादर थांबले आणि मग मोडलं. टक् असा आवाज आला. माझ्यामागे बसलेल्या, कमी ऐकू येणाऱ्या म्हातारीने मान वर केली. होस्ट सरळ रेषेत मोडला, कडा धारदार, चुरा नाही. हे कणकेचे होस्ट रंगाने किंचित तपकिरी असतात. आमच्यातल्या काहींना ते मळकट वाटले. मला मात्र ते पांढऱ्यापेक्षा चांगले वाटतात, भाकर वाटतात.

हा भाकरीचा प्रश्न आमच्या घरात जुना आहे. माझी आई 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' म्हणायची तेव्हा तिच्या मनात ज्वारीचीच भाकर असायची. गहू घरात सणाला. मिस्साची भाकर गव्हाची का, आपल्या ज्वारीची का नाही, असं तिने एकदा विचारलं होतं. फादरांनी तिला सांगितलं की प्रभूच्या शेवटच्या भोजनाची परंपरा गव्हाची आहे आणि आपण ती बदलत नाही. तिने मान डोलावली, पण योहानाच्या शुभवर्तमानातला तो पोरगा, जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासे घेऊन आलेला, तिला फार आवडायचा. जव म्हणजे गरिबाचं धान्य, असं ती म्हणायची. मीही होस्ट मोजताना तो पोरगा आठवतो.

आता उण्या गोष्टी. ऑनलाइन पैसे घेत नाहीत, रोखच लागतात. प्रार्थनेच्या वेळी फोन उचलत नाहीत, ते रास्त आहे, पण लांबून येणाऱ्याला वेळ कळावी म्हणून दारावर पाटी तरी हवी. मी एकदा दुपारी पोहोचलो आणि दीड तास बाकावर बसलो. पिशवी पातळ प्लॅस्टिकची असते. घरी आणल्यावर मी लगेच झाकण घट्ट बसणाऱ्या स्टीलच्या डब्यात भरतो आणि पावसाळ्यात डबा तांदळाच्या पिंपात ठेवतो. दमटपणात होस्ट चिवट होतात आणि मेच्या उन्हात ठिसूळ, म्हणून एकदम चार महिन्यांचे आणू नका. ताजे असावेत हे कायद्यातच आहे. आणखी एक, मोठ्या होस्टवरचा क्रूसाचा ठसा फार फिका येतो, मागच्या रांगेतून दिसत नाही. सिस्टरांना सांगितलं, त्या म्हणाल्या पाटी झिजली आहे, नवी करायला दिली आहे. प्रभूच्या शरीराच्या सणाला लागणारा खूप मोठा होस्ट हवा असेल तर आठवडाभर आधी सांगावं लागतं.

किती आणायचे हा अंदाज ज्याचा त्याने बांधावा. आमच्या गावात एरवी रविवारी एकशे चाळीस लागतात. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या घरांमुळे पन्नास-साठ कमी. नाताळला ती माणसं कारखान्यावरून दोन दिवसांसाठी परततात, पुणे-मुंबईची लेकरं येतात, तेव्हा साडेचारशेही कमी पडतात. मागच्या नाताळला फादरांनी शेवटच्या रांगेला अर्धा-अर्धा होस्ट दिला. लोकांनी समाधानाने घेतला, पण मला रात्रभर झोप लागली नाही. यंदा मागणी आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळच्या तयारीच्या काळाच्या, पहिल्याच आठवड्यात लावली आहे: सहाशे लहान, बारा मोठे कणकेचे. शनिवारी पहाटेच्या गाडीने आणायला जाणार आहे. डबा धुवून उन्हात ठेवलाय.