फुगवलेल्या घुमटातले शेंडेनक्षत्र : सोलापुरातील फिरत्या तारांगणाचा अनुभव

विजापूर रस्त्यावरील एका शाळेच्या सभागृहात सध्या दर रविवारी भरणाऱ्या फिरत्या तारांगणाचा 'धूमकेतू येतात कोठून?' हा 40 मिनिटांचा खेळ मी सातवीतल्या पुतणीसह पाहिला. तिकीट 100 रुपये होते. पंख्याच्या हवेवर उभ्या राहिलेल्या काळ्या कापडी घुमटात गुडघ्यांवर रांगत शिरावे लागते आणि आत अंथरलेल्या चादरींवर आडवे होऊन वर पाहावे लागते, त्यामुळे गुडघेदुखी असणाऱ्यांनी जाण्यापूर्वी विचार करावा.

या खेळातला ऊर्ट मेघाचा भाग फार चांगला जमला आहे. डच खगोलशास्त्रज्ञ यान ऊर्ट यांनी 1950 मध्ये अवघ्या 19 दीर्घमुदती, म्हणजे सूर्याभोवतीच्या एका फेरीला 200 वर्षांहून अधिक घेणाऱ्या, धूमकेतूंच्या कक्षा तपासल्या. ते फार दूरवरून आणि आकाशाच्या सर्व दिशांनी येतात, तेव्हा सूर्यमालेला चहूबाजूंनी वेढणारा बर्फाळ गोळ्यांचा साठा असला पाहिजे, असे अनुमान त्यांनी मांडले. सपाट पडद्यावर 'चहूबाजूंनी' हा शब्द नुसता ऐकावा लागतो; घुमटात मात्र डोक्यामागूनही एक ठिपका सरकत येतो, तेव्हा तो आपोआप कळतो. हे गोळे मुळात तिथले नव्हेत, गुरू-शनीसारख्या महाग्रहांच्या परिसरात घडून त्यांच्याच गुरुत्वाकर्षणाने बाहेर भिरकावले गेले आणि आता जवळून जाणारा एखादा तारा किंवा आकाशगंगेची ओढ त्यांतल्या काहींना पुन्हा आत ढकलते, हेही नेमके सांगितले आहे. 'मेघ म्हणजे ढग, मग तो दिसतो का?' असे एका मुलाने विचारले, तेव्हा निवेदकांनी 'आजवर कोणीही पाहिलेला नाही' असे सरळ उत्तर दिले, हे मला आवडले.

अंतरांच्या बाबतीत मात्र चित्रफीत फसवते. तिच्यात नेपच्यून ओलांडला की कायपर पट्टा, म्हणजे नेपच्यूनपलीकडचा बर्फाळ गोळ्यांचा चपटा पट्टा, आणि लगेच ऊर्ट मेघ असे दिसते. सिद्धेश्वर मंदिरापाशी सूर्य ठेवून पृथ्वी एक मीटरवर मांडली, तर नेपच्यून 30 मीटरवर येईल, कायपर पट्ट्याचा मुख्य भाग 50 मीटरपर्यंत संपेल, ऊर्ट मेघाची आतली कड दोन ते पाच किलोमीटरवर लागेल आणि बाहेरची कड कदाचित विजापूरच्या आसपास पोहोचेल. एवढे एक वाक्य निवेदनात घातले असते, तरी सोलापूरच्या मुलांना ते जन्मभर आठवले असते.

दुसरी चूक अधिक खटकली. '200 वर्षांपेक्षा कमी मुदतीचे सर्व धूमकेतू कायपर पट्ट्यातून येतात' हे विधान ढोबळ आहे. एन्केसारखे जेमतेम सव्वातीन वर्षांत फेरी मारणारे धूमकेतू नेपच्यूनपलीकडच्या चपट्या साठ्यांतून, विशेषतः त्यातल्या विखुरलेल्या भागातून आले असावेत, हे मान्य. परंतु साधारण 76 वर्षांनी येणारा हॅले ग्रहांच्या उलट दिशेने फिरतो; चपट्या साठ्यांतले गोळे सहसा ग्रहांच्याच दिशेने फिरतात, आणि म्हणूनच त्याचे मूळ चहूबाजूंनी पसरलेल्या ऊर्ट मेघात असावे असे मानले जाते. याच चित्रफितीत हॅले पाच मिनिटे दिसतो, 2061 मध्ये परतणार असल्याचेही सांगितले जाते, पण त्याच्या उलट्या चालीचा उल्लेख नाही.

व्यवस्थेविषयी थोडेच सांगतो. पंचवीस जणांच्या जागेत चाळीस जण बसवले होते, उकाडा असह्य होता आणि वीज गेल्यावर घुमट हळूहळू अंगावर बसू लागला, तेव्हा मुलांना त्याचीच सर्वाधिक मजा वाटली. सकाळचा पहिला खेळ गाठावा आणि प्रक्षेपकाच्या जवळ बसू नये, कारण त्याच्या पंख्याच्या घरघरीत निवेदन ऐकू येत नाही.

निघताना हॅलेची गोष्ट निवेदकांच्या कानावर घातली. त्यांनी वाद न घालता वहीत टिपून घेतली. पुढच्या रविवारी शेजारच्या काकू नातवाला घेऊन गेल्या होत्या. चित्रफीत तीच आहे, पण हॅले आला की निवेदक ती थांबवतात आणि हाताने उलटा गोल काढून दाखवतात, असे त्या सांगत होत्या.