रायझन ५ ५६०० आणि बी५५० बोर्ड: वेग मिळाला, पण सीमॉसचं बटण कुठाय?

एएमडीच्या रायझन ५ ५६०० या प्रोसेसरचं कौतुक नंतर. आधी बी५५० मदरबोर्ड, कारण परवा त्याने मला मालवणहून कुडाळला खेप घालायला लावली. रॅमचा वेग ३२०० वरून ३८०० वर नेला आणि स्क्रीन काळी. काही बोर्ड दोन-तीनदा धडपडून आपणहून मूळ सेटिंगवर येतात, हा ढिम्म. दुकानदाराने न उघडताच सांगून टाकलं, "बोर्ड गेलो तुमचो, नवीन घेवक व्हयो." किंमत ऐकून तसाच घरी आणला. प्लग काढला, क्लिअर सीमॉसच्या (बोर्डाची सेटिंग पुसून मूळपदावर आणणाऱ्या) दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने काही सेकंद जोडल्या, झाला चालू! पण या पिना ठेवल्यात कुठे, तर ग्राफिक कार्डाखाली. ही सेटिंग जपणारा सेलही तिथेच. म्हणजे दरवेळी कार्ड उपसा. मागे एक बटण द्यायला कंपनीचं काय जात होतं?

आता प्रोसेसर. मे महिन्यात, बिनएसीच्या खोलीत, सगळे कोअर ४.६ गिगाहर्ट्झला बांधले, व्होल्टेज १.३. सिनेबेंच ही प्रोसेसरला राबवणारी चाचणी लावताच तापमान ९० अंशांना भिडलं, आणि याची कमाल मर्यादाच ९०. सोबत आलेला रेथ स्टेल्थ पंखा नुसता बोंबलत होता. तेव्हा ठाम मत झालं की कोकणात हा वेग वाढवायचा नाद मोठा कूलर घेणाऱ्यांनीच करावा.

ते मत आता राहिलेलं नाही. पीबीओ (प्रोसेसरला आपणहून वेग वाढवू देणारी एएमडीची सोय) चालू करून त्यातला कर्व्ह ऑप्टिमायझर, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करायचा आकडा, उणे केला की त्याच वेगाला व्होल्टेज कमी लागतं, उष्णता घटते आणि प्रोसेसर वरचा वेग जास्त वेळ धरून ठेवतो. तेही फुकटात! नवख्याने उणे १० पासून सुरुवात करावी आणि पाच-पाचनेच खाली जावं. उणे ३० वर माझ्याकडे प्राइम९५ ही कडक चाचणी बिनतक्रार चालली, पण नुसती गाणी लावली की रीस्टार्ट. कमी कामात एखादाच कोअर सगळ्यात वरच्या वेगाला जातो आणि व्होल्टेज तिथे तोकडं पडतं. पावसात आमच्याकडे लाइटचा खेळ चालूच, त्यामुळे घरच्यांनी रीस्टार्टचा दोष इन्व्हर्टरला दिला. विंडोजची नोंदवही, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर बघा: कर्नल-पॉवर ४१ ही नोंद लाइट गेली तरी येते, पण सोबत डब्ल्यूएचईए-लॉगर १८ (हार्डवेअरच्या चुकीची नोंद) दिसलं तर बोट प्रोसेसरकडे. उणे २० वर सगळं शांत.

पीबीओनेही नुकसान झालं तर वॉरंटी नाही, हे एएमडीच सांगते. आणि आकड्यांशी खेळण्याआधी पंखा उतरवून बघा. माझ्या हीटसिंकच्या पात्यांत चिऱ्याची लाल धूळ खाऱ्या दमटपणाने चिकटून बसली होती, जुन्या टूथब्रशने खरवडावी लागली.

बटणाचं दुखणं मीच मिटवलं. भंगारातल्या कॅबिनेटचा रीसेट स्विच वायरसकट काढून त्या दोन पिनांवर बसवला. चालू मशीनवर कुणी दाबू नये म्हणून कॅबिनेटच्या आतच ठेवलाय. खर्च शून्य. बोर्डाला पाचपैकी तीन, त्यातलाही एक प्रोसेसरच्या पुण्याईने.