चाळकेवाडीच्या पठारावरचा मुक्काम: जेवण झकास, खोली मात्र विचारून घ्या

साताऱ्याहून सज्जनगडाच्या पायथ्यावरून ठोसेघरला आलात, धबधबा मागे टाकून तसेच वर चढलात की चाळकेवाडीचं पठार लागतं. तिथे एका शेतकरी कुटुंबाने घराला लागून पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या आहेत. मी निवृत्त चित्रकला शिक्षक. मे महिन्यात बायको आणि नातवाला घेऊन गेलो ते निसर्गचित्रं काढायला. त्यामुळे हे परीक्षण खोलीचं कमी आणि खिडकीचं जास्त आहे.

आधी पोटाचं सांगतो. पिठलं, नाचणीची भाकरी आणि पाट्यावर रगडलेला खर्डा. वहिनी गरम भाकरी ताटात टाकत राहतात, ‘बास’ म्हटलेलं त्यांना ऐकू येत नाही. खोल्या स्वच्छ आहेत. गरम पाणी सौरबंबाचं, तेव्हा आंघोळ संध्याकाळीच उरकावी. वाऱ्याने दाराची कडी रात्रभर वाजते, तिच्यात कागदाची घडी खुपसली की झोप लागते.

आता खिडकी. पुढच्या खोलीचे दोनशे रुपये जास्त घेतात, कारण तिथून पवनचक्क्या दिसतात. एक चक्की अर्ध्या किलोमीटरवर आहे. हात लांब करून पेन्सिलीवर माप घेतलं तर जवळजवळ अर्धी पेन्सिल भरली. तीन किलोमीटरवरच्या चक्कीचं माप नखाएवढं, तरी नजर तिच्याकडेच जाते, कारण सगळ्या देखाव्यात हलणारं तेवढंच असतं. रंगाचीही एक गंमत आहे. पांढुरकी पाती ढगाळ आभाळात विरघळतात, पण मागे काळपट डोंगर आला की टिकलीसारखी उठून दिसतात.

मला चक्की कुरूप वाटत नाही. एकटी, नळीच्या खांबाची चक्की चित्रात छान बसते. खटकते ती सरमिसळ. जुन्या कैचीच्या (लोखंडी पट्ट्यांच्या जाळीदार) मनोऱ्यांच्या, नव्या नळीच्या, कमी-जास्त उंचीच्या, काही फिरणाऱ्या तर काही बंद पडलेल्या, सगळ्या एकाच आडव्या रेषेवर. आपल्या सह्याद्रीचं वैशिष्ट्य म्हणजे तो सपाट माथा. त्यावर इतके उभे खुंट रोवले की नजरेला माप मिळतं आणि डोंगरच बुटका दिसायला लागतो. त्याहून वाईट म्हणजे प्रत्येक चक्कीपर्यंत नेलेला रस्ता. जांभा कापून काढलेले ते लाल पट्टे लांबून चक्कीच्या आधी दिसतात, वर तारांचे खांब वेगळेच.

ब्रिटनमध्ये असे प्रकल्प मंजुरीला जातात तेव्हा गावातून, रस्त्यावरून, टेकडीवरून ते कसे दिसतील याची चित्रं जोडावी लागतात. आपल्याकडे 2006 च्या पर्यावरण मंजुरीच्या अधिसूचनेत पवनऊर्जा मुळात यादीतच नाही, मग चित्रं कोण काढणार? (काढायची ठरली तर आमच्या कलाशाखेच्या पोरांना चार पैसे तरी मिळतील.)

मालकांना विचारलं, याचा त्रास नाही होत? म्हणाले, “सर, आता ती फिरायची थांबली की आमालाच चुकल्यासारखं होतं.” त्यांच्या मुलांनी चक्क्यांशिवाय पठार पाहिलेलंच नाही.

नातवाला कातळावर गळ्याखाली निळा-काळा-केशरी पंखा फुलवणारा सरडा दिसला. याच पठारावर संशोधन झालंय. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी आढळले, त्यामुळे सरडे वाढले आणि माणसाला फारसे बुजेनासे झाले. नातू अगदी हातभर अंतरावर गेला तरी हा पठ्ठ्या हलला नाही. मग मी माझी स्केचेस काढून पाहिली. आभाळात एकही घार नाही.

मागची खोली दरीकडे तोंड करून आहे. ना चक्की, ना तार, संध्याकाळी डोंगरांच्या एकामागे एक निळ्या रांगा, आणि दर कमी! दुसऱ्या दिवशी सामान तिकडेच हलवलं. मालकांना वाटलं पैशासाठी.

जेवणाला पाच तारे, खोलीला चार, पुढच्या खिडकीला अडीच. पावसाळ्यात जाणार असाल तर कुठलीही खोली घ्या, धुक्यात समोरचं झाडसुद्धा दिसत नाही. भाकऱ्यांचं मात्र साताऱ्यातूनच फोन करून सांगा, वर रेंजचा भरवसा नाही.